रिकाम्या मडक्यांतला मोहाचा वास

हे वाचून तुम्ही हसाल... हसा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलेच असते. मी शाळेत विज्ञान शिकवते. आमचं घर बौद्ध. भूत-भानामती, अंगात येणं असल्या गोष्टींना आमच्याकडे कधीच थारा नव्हता. त्यात दोन वर्षांपूर्वीच्या एका तापात मला वास येणं बंद झालं, ते झालंच. फोडणी जळली तरी मला धूर दिसल्यावर कळतं.

गेल्या हिवाळ्यात बाबांना घेऊन आमच्या जैनथ गावाहून बोथकडे नातेवाइकांच्या घरी गेले होते. परत येताना एका गावात पाटी दिसली — मोहाच्या दारूचं म्युझियम! बाबांनी जन्मात थेंब घेतला नाही, पण जुन्या वस्तू म्हटलं की त्यांना राहवत नाही. त्यांनी लगेच ऑटो थांबवला.

जुन्या शाळेच्या दोन खोल्या. एका रिटायर्ड गोंड मास्तरांनी सगळं हौसेनं मांडलेलं — फुलं उकळायची मडकी, वाफ वाहून नेणारी बांबूची नळी, देवाला पहिली धार द्यायचा वाळल्या भोपळ्याचा तुंबा...

"किती वास आहे हो इथं!" मी बोलून गेले. आणि चरकलेच. मला वास येत होता! गोड, आंबूस, थेट डोक्यात चढणारा.

मास्तर हसले. "कायचा वास, म्याडम? मडके कवाचे धुऊन ठेवले. अन् मोह तं उन्हाळ्यात फुलते."

बाबांना विचारावं म्हणून वळले — तर बाबा नव्हते.

ऑटोवाला म्हणाला, "इकडं नाई आले." बाबांना शुगर आहे, आणि सकाळची गोळी घेऊन ते नीट जेवलेही नव्हते. मास्तर हाका मारत रस्त्याकडे धावले. मीही निघाले... पण फाटकाकडे गेले की वास कमी व्हायचा, मागं वळले की वाढायचा. का ते माहीत नाही, मी वासामागं गेले. शाळेच्या मागं डोक्याएवढी तूर उभी होती. आत शिरले तसा वास दाट होत गेला — आणि तिथं बाबा आडवे पडलेले. घामानं चिंब, डोळे अर्धवट उघडे.

"साखर उतरलीय!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. मास्तरांनी साखरेचं पाणी आणलं. चार घोट पोटात गेल्यावर बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"रडून काऊन राह्यली वो? लघवीला आल्तो मी."

मी तिथंच मातीत बसून रडले, हसले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मग लक्षात आलं — वास गेला होता. तुरीचा नाही, मातीचा नाही, कशाचाच नाही. मास्तर म्हणाले, त्या शेतात मोहाचं झाड कधी नव्हतंच.

नाकाचे डॉक्टर म्हणतात, कधी कधी नसा खोटे वास देतात. असेल. पण खोट्या वासाला दिशा असते का हो...?

बाबा ठणठणीत आहेत आणि माझं नाक पुन्हा बंद ते बंदच. राहू दे.