एकाच खुणेचे दोन बैल

आमच्या घरात वडिलांना दोन नावं होती. दाराला कडी असली की ‘बाबा’ आणि कडी काढली की ‘मालक’. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. एकदा शेजारची मुलगी भर गल्लीत ‘बाबा, थांबा ना’ असं ओरडत तिच्या वडिलांमागे धावली, तेव्हा मला तिची खरोखर काळजी वाटली होती.

वडील खाप्याकडच्या काही गावांचे मालगुजार, तिकडचे जमीनदार. म्हणजे होते. सरकारनं मालगुजारी काढून घेतली, आणि ज्या रस्त्यावर लोक जोडे हातात घेऊन बाजूला व्हायचे त्याच रस्त्यानं साध्या माणसासारखं चालणं त्यांना जमेना. ते गाव सोडून नागपुरात आले. धरमपेठेत मोठं घर, तिथं लग्नाची बायको आणि मुलं. महाल भागातल्या दोन खोल्यांत आम्ही, म्हणजे आई आणि मी. आई खाप्याची, विणकराच्या घरची, कमी वयात विधवा झालेली. तिच्या वडिलांनी विणलेला पटका मालगुजारांच्या डोक्यावर असायचा. पटका न्यायला येणारे मालगुजार पुढे पुढे पटका नसतानाही येऊ लागले, आणि एका देवळात गुपचूप पाट लागला. मोठ्या घरी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दर गुरुवारी जमिनीच्या दाव्यासाठी वकिलाकडे जातो म्हणून ते निघत आणि आमच्याकडे जेवत.

आईला धास्ती एकच. त्या घरी कळलं की हे यायचे बंद होतील. लोकांच्या बोलण्याला ती भीक घालत नसे, पण गुरुवारी पायरीवर जोडे वाजायला उशीर झाला की तव्यावर पोळी करपायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, गावाची पीडा नेणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक निघे, सगळी गल्ली ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून घसा फोडी. आई ओरडायची नाही. हात जोडून पुटपुटायची. काय पुटपुटते, ते मला न विचारताही कळायचं.

त्याच दिवशी आम्हा मुलांचा तान्हा पोळा, चाकांच्या लाकडी बैलांचा. मालगुजारी गेली तरी पोळ्याचा मान वडिलांच्या डोक्यातून गेला नव्हता. गावच्या तोरणाखाली पहिले बैल त्यांचे, आणि त्यांची खूण ठरलेली. शिंगांना पितळी शेंब्या, उजव्या पुठ्ठ्यावर गेरूची चंद्रकोर, तिच्याखाली ठिपके. खरे बैल विकले गेले, तेव्हा ती खूण त्यांनी मुलांच्या लाकडी बैलांवर उतरवली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हेच. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते मुद्दाम येऊन माझ्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचे आणि खऱ्या बैलाला सांगतात तसं गंभीरपणे सांगायचे, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” इथून उठून हेच ते दुसऱ्या घरीही करत असणार, हे कधी आमच्या डोक्यात आलं नाही. दोन घरच्या बैलांवर एकच खूण म्हणजे आपल्याच हातानं दवंडी पिटणं. पण खूण बदलली असती तर दोघांतला एक बैल मानाचा राहिला नसता, आणि ते त्यांच्यानं झालं नसतं. वकिलाच्या नावानं त्यांनी थापा मारल्या, बैलाच्या बाबतीत मात्र ते प्रामाणिक राहिले.

सत्तर सालच्या अलीकडची गोष्ट. त्या वर्षी मोठ्या घरच्या बाईंची बहीण महालात राहायला आली, आणि तान्ह्या पोळ्याला बाई धाकट्या मुलाला घेऊन तिच्याकडे आल्या. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की तोरणाखाली माझ्या शेजारी एक गुबगुबीत मुलगा उभा आहे आणि त्याच्याही दोरीला माझाच बैल आहे.

तो म्हणाला, हा तर त्याचा बैल. मी त्याला चोर म्हटलं, त्यानं मला चोरटी म्हटलं, आणि मी त्याची गचांडी धरली. त्याची आई धावत आली. तिनं आम्हाला सोडवलं, एक बैल पाहिला, दुसरा पाहिला, आणि मग माझे कान पाहिले. वडिलांचे कान सुपाएवढे होते. माझेही आहेत.

“हा बैल तुले कोणं देला वं?”

शिकवल्याप्रमाणे मी म्हणाले, “मालकानं.”

बाई पुढे काही विचारत बसल्या नाहीत. माझा हात धरला आणि घर दाखव म्हणाल्या. दोन्ही बैल आमच्यामागे कुरकुरत येत होते. मला वाटलं, आता आईला पोलीस नेणार.

आईनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी दारात पाहताच ओळखलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. बाई खाटेवर बसल्या. दोरीवर वडिलांचं धोतर वाळत होतं, कोनाड्यात त्यांचा पानाचा डबा होता. बाईंनी सगळं नीट पाहून घेतलं. डोळे भरून आले, ते पदरानं पुसले.

“मी समजून राहिली होती का हा माणूस सट्टा खेळते,” त्या म्हणाल्या. “कोर्ट कुठं इतके साल चालते? वाटे, आता घर बुडते, लेकरं रस्त्यावर येते.” मग एक मोठा श्वास सोडला. “सट्ट्यापरीस तू बरी.”

आई पाय धरायला वाकली, तर बाईंनी पाय मागे घेतले. राग आहे आणि तो जाणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. पण ज्याचा आहे त्याच्यावरच काढीन, म्हणाल्या. मग घरात हळद-तूप आहे का, विचारलं. आईनं वाटी आणून दिली. माझा बैल मांडीवर घेऊन बाईंनी त्याचा खांदा चोळला. पोळा तर कालच होऊन गेला होता. आणि बाई बैलाकडे बघतही नव्हत्या, आईकडे बघत होत्या.

“आज आवतन घे, उद्या जेवाले ये.”

आई मटकन खाली बसली आणि इतकी रडली की शेजारीण डोकावून गेली. पण त्या रात्री ती अशी गाढ झोपली की सकाळी मला तिला हलवून उठवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही धरमपेठेत जेवायला गेलो. वडील बाहेरून आले आणि आम्हाला पाटावर बसलेलं पाहून उंबऱ्यातच थिजले. गावं गेली तेव्हाही त्यांचा चेहरा इतका पडला नसेल. मीच उठून तांब्या घेतला आणि म्हणाले, मालक, हात धुवाले पाणी देऊ का?

वाढता वाढता बाई थांबल्या. “मालकी तं सरकारनं कवाच नेली,” त्या म्हणाल्या. “बाबा म्हण त्यायले.”

मी आईकडे पाहिलं. मग दाराकडे. दार सताड उघडं होतं आणि रस्त्यावरून माणसं जात होती.

“बाबा,” मी म्हणाले, “पाणी.”