आधी हाक, शेवटी ‘झालं’

“ती नवी मुलगी बोलते चांगलं, पण हाक मारत नाही.”

पार्टिशनपलीकडून हे वाक्य आलं आणि माझ्या हातातली केबल तशीच राहिली. नवी मुलगी मीच. अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या चिमुकल्या कंपनीत नुकतीच लागले होते. बोलणारी होती ताई, आमची सीनियर इंजिनिअर. वेसाव्याची कोळीण. तुमच्या ऑफिसातही असं कुणीतरी असेल, ज्याची कुजबुज खालच्या चहावाल्याला ऐकू जाते.

पुढच्या क्षणी ती माझ्या टेबलाशी हजर.

“अगं ऐक! तू एकदम मधूनच सुरू होतेस. समोरचा कान देईपर्यंत तुझे पहिले दोन शब्द समुद्रात. आपली केबल बघ. आधी एक हाक, मग आठ ठोके, एकामागून एक, मग थांबायचं. माझी आई मासळीबाजारात हेच करते. झालं!”

ताईचं सगळंच बोलणं ‘अगं ऐक’पासून ‘झालं’पर्यंत असायचं. आमचं कामही तेच होतं: वजनकाट्यावरचा आकडा एका तारेवरून कॉम्प्युटरकडे पाठवायचा, ठोक्याठोक्याने.

मीटिंगमध्ये ती टेबलाखालून माझं मनगट धरायची. एक चिमटा म्हणजे हाक. मग आठ ठोके. बोट दाबलं तर एक, नाही दाबलं तर शून्य. कॉम्प्युटरच्या सांकेतिक भाषेत त्या आठांचं मिळून एक इंग्रजी अक्षर. एकदा साहेब कंपनीच्या उज्ज्वल भविष्यावर बोलत होते आणि ताईने पाठवलं: एफ, एल, वाय. मी वर पाहिलं. साहेबांच्या टकलावर माशी बसली होती, भविष्याइतकीच उज्ज्वल. मी खोकल्याचं सोंग करत बाहेर पळाले. मागून ताईचा आवाज, “अगं ऐक, पाणी पी! झालं!”

कॉन्व्हेंटमधल्या शिक्षणामुळे माझं मराठी वाक्य अर्ध्यावर अडखळायचं, म्हणून चारचौघांत मी ते सुरूच करत नसे. मनगटावर मात्र मी घडाघडा बोलायचे. ताईच्या आईच्या सुरमईपासून साहेबांच्या टायपर्यंत सगळं.

मग आला मुलुंडच्या कारखान्यातला डेमो. ही ऑर्डर हुकली तर साहेब गाळा बंद करणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ताई आली ती शिमग्यात गाऊन गाऊन घसा बसवून. तोंड उघडलं की नुसती हवा. साहेबांनी कपाळाला हात लावला. “ताई, वर्षभर बोलता, आजच गप्प?”

काट्यावर पोतं चढलं. पडद्यावर वजनाऐवजी उलटीसुलटी चिन्हं नाचू लागली.

“हे वजन आहे?” कारखान्याच्या मॅनेजरांनी विचारलं.

“मशीन जरा गरम होऊ द्या, साहेब,” आमचे साहेब म्हणाले आणि केबल गदागदा हलवू लागले.

चूक मला दिसली. ‘जरा फास्ट दिसू दे’ म्हणत साहेबांनीच सकाळी कॉम्प्युटरचा ठोके ऐकायचा वेग आठपट केला होता. काटा मात्र जुन्याच वेगाने ठोके पाठवत होता. ताईलाही ते दिसलं. ती हातवारे करू लागली, पडद्याकडे बोट, काट्याकडे बोट, मग दोन्ही हातांनी काहीतरी भयंकर. साहेबांनी तिला खुर्ची दिली.

“बरं, नंतर बघू,” म्हणत मॅनेजर निघाले.

तेवढ्यात माझ्या मनगटाला चिमटा बसला. मी आठ ठोक्यांची वाट पाहत राहिले. एकही आला नाही. ताईने हात काढून घेतला होता आणि ती निवांत छताकडे बघत होती. नुसती हाक दिली होती तिने. पुढचं माझ्यावर.

ताई मस्कतला गेली त्याला आता खूप वर्षं झाली. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझं डावं मनगट अजून तिची वाट पाहतं. त्या दिवशी मात्र वाट पाहायला वेळ नव्हता. मॅनेजर दारापाशी पोहोचले होते.

“अहो ऐका!” माझा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. सगळे वळले. “काटा सावकाश बोलतोय आणि कॉम्प्युटर घाईघाईने ऐकतोय. कॉम्प्युटरचा वेग काट्याइतका करा, पोत्याचं वजन दिसेल. झालं!”