देवीची उंची मोजणारी सुभद्रावयनी

आमच्या गावच्या सातेरीला तोंड नाही. हात नाहीत, शस्त्रं नाहीत, वाघ-सिंह काही नाही. गाभाऱ्यात जमिनीतून वर आलेलं पुरुषभर वारूळ, तीच देवी. तिला लुगडं नेसवायचं, हळदकुंकू वाहायचं, झालं. मालवणात उतरलेले पर्यटक कधी वाट वाकडी करून आले आणि "मूर्ती कुठे आहे?" म्हणून विचारू लागले, की आमची माणसं ओशाळायची. त्या ओशाळण्यानंच पुढे घात केला. त्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी देवस्थान समितीचा सचिव. तहसील कचेरीत चौतीस वर्षं कागद लिहिले, म्हणून गावात काही लिहायचं झालं की बोलवा नानाला.

सुभद्रावयनी गुरवांच्या घरात सून म्हणून आली तेव्हापासून देवळाची झाडलोट तिच्याकडे. पूजा घरातले पुरुष करत, पण वारुळाची खबर हिलाच. पावसाळ्यात वारुळाला नवी ओली माती चढते. घटस्थापनेच्या सकाळी, घट बसायच्या आधी, वयनी एकटी गाभाऱ्यात जायची आणि सुती दोरा लावून जमिनीपासून माथ्यापर्यंत देवीची उंची मोजायची. मग दोऱ्याला गाठ. दोरा सासूचा. खालच्या गाठी सासूच्या, वरच्या हिच्या. बाहेर येऊन ती सांगायची, "औंदा दोन बोटां वाडली." त्याशिवाय ढोलावर काठी पडत नसे. एका वर्षी देवी अर्धंच बोट वाढली, तर ही बाई आठ दिवस धड जेवली नाही. आम्ही तिची चेष्टा करायचो. तिचं तोंडही काही कमी नव्हतं. "तुझ्या झिलाची उंची तरी तुका म्हायती आसा काय रे?" असं ती मला माझ्या मुलावरून चारचौघांत विचारायची.

अजय समितीचा अध्यक्ष झाला आणि देवळाला सुधारणेची बाधा झाली. आधी सागवानी सभामंडप आला, खांबांवर मोर आणि कमळं. मग फायबरचे नऊ मुखवटे आले. शैलपुत्रीपासून सिद्धिदात्रीपर्यंत नऊ रूपं, रोज एक वारुळावर चढवायचं, समोर दिवे, बाजूला फोटोसाठी चौकट. मुखवट्यांचे गाल गुलाबी, ओठ लाल, डोळे सगळ्यांचे सारखे. काळरात्रीसुद्धा नटून लग्नाला निघाल्यासारखी. रंगाचा वास अजून गेला नव्हता. तरी पावतीवर सही मीच केली.

वयनी म्हणाली, "नव रूपां तिचीच, माका मान्य आसा. पण ही आमची धावी, नवांच्या पुढची. हिका कित्याक झाकतास?"

अजय हसला. "काकी, लोकांक चेहरो होयो."

गणपती गेले आणि सभामंडपाच्या दोन खांबांना वाळवी लागलेली दिसली. बैठक बसली. दहा माणसं, चहा, कांदाभजी. औषधवाल्याला बोलवायचं ठरलं. पत्र मी लिहिलं, आणि चांगलं वजनदार लिहिलं: मंदिराच्या संपूर्ण परिसरातील वाळवीचा समूळ नायनाट करावा. दहाही जणांनी ऐकलं आणि माना डोलावल्या. ज्या देवीपुढे आम्ही जन्मभर नाक घासलं ती कोणाच्या अंगाने उभी आहे, हे दहांपैकी एकालाही आठवलं नाही. भजी मात्र कमी पडली, ते सगळ्यांना आठवलं.

माणसं आली, भिंतीकडेने जमिनीला भोकं पाडली आणि औषध ओतलं. वयनीला दोन दिवस देवळात येऊ नको म्हणून सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "देवीक काय होवचा नाय मां?"

"देवीक कसला वीख चढतला, काकी?" अजय म्हणाला. मीही हसलो.

घटस्थापनेला ती दोरा घेऊन आत गेली ती बाहेर येईना. ढोलवाले खोळंबले. शेवटी मी आत गेलो. लुगडं बाजूला केलेलं होतं. वारुळाचा माथा ढासळून आत बसला होता, माती कोरडी भुसभुशीत, आणि पायथ्याशी मेलेल्या वाळवीचा पांढुरका थर. औषधाचा उग्र वास अजून होता. वयनीने दोरा लावून धरला होता. माथा गेल्या वर्षीच्या गाठीच्या हातभर खाली होता.

"नाना," ती म्हणाली, "तुमी हिका मारलास."

मागून अजय आला. त्याने बघितलं, क्षणभर त्याचंही तोंड उतरलं. मग म्हणाला, "कोणाक बोलू नकात. मुखवटो चढवा." पोकळ झालेल्या माथ्यात त्याने कापडाचे बोळे कोंबले आणि वर शैलपुत्री बसवली. बाहेर जाऊन त्यानेच सांगितलं, "औंदा चार बोटां वाडली." ढोल वाजला. मला स्वतःची शिसारी आली आणि तरी मी टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी वयनी माझ्या पडवीत येऊन बसली. तिला फक्त एकच गोष्ट हवी होती. "दसऱ्याक गाऱ्हाणा तू घालतंस. थंय सगळ्या गावासमोर सांग, आमच्या हातून चूक झाली, माते, माफ कर. चूक होता रे माणसाक. पण ती लपवन तिच्याच फुड्यात हात जोडूचे? माका ओकारी येता." मी तिला शब्द दिला.

मेलेल्या देवीला नऊ दिवस नऊ तोंडं चढली. पाचव्या दिवशी स्कंदमाता, मांडीवर फायबरचं बाळ. बायका ओट्या भरत होत्या, मुली फोटो काढत होत्या. ओटीचे तांदूळ त्या औषधाच्या मातीत पडत होते आणि तेच मुठीने प्रसाद म्हणून परत जात होते. वयनी खांबाला टेकून बघत बसायची. माझ्याकडे बघायची नाही, शब्दावर विश्वास ठेवून होती.

दसऱ्याला देवांचे तरंग, लुगडी गुंडाळलेल्या त्या उंच काठ्या, देवळाबाहेर पडले, गाव गोळा झाला आणि मी गावाच्या वतीने गाऱ्हाण्याला उभा राहिलो. पहिल्या रांगेत अजय होता, बाजूला त्याने आणलेले पाहुणे. मी तोंड उघडलं. "बाय माते सातेरी, तू जागृत आसस, तू गावाची राखण करतंस..." गाव ओरडला, "व्हय म्हाराजा." चूक शब्द माझ्या तोंडातून निघालाच नाही. वयनी उठली, पायरीवर थुंकली आणि घरी गेली. त्यानंतर तिने देवळाचं तोंड पाहिलं नाही.

कार्तिकात गावात कुजबुज सुरू झाली की सुभद्रेच्या परसात फणसाखाली नवं वारूळ आलंय, सातेरी तिकडे गेली. अजयच्या कानावर गेलं. मला बरोबर घेऊन तो गेला. वारूळ होतं, गुडघ्याएवढं, ओलं, काळं. अजय लगेच पावलांनी जागा मोजू लागला. चौथरा एवढा, लाद्या अशा, मुखवटे आहेतच.

वयनी दारातून आली. "काय बघतंस रे?"

"काकी, ही देवी ना?"

"देवी खंयची? वाळवी ती. फणस खातली माझो."

अजय माझ्याकडे वळला. "नाना, तुमका काय वाटता?"

वयनीच्या कमरेला दोरा खोचलेला होता. खालच्या टोकाशी, सासूच्या गाठींच्याही खाली, एक नवी गाठ होती, ओल्या मातीने माखलेली. तिने माझी नजर पाहिली आणि पदर पुढे ओढला.

"वाळवीच आसा," मी म्हणालो. "होयो तर लिवन देतंय."

अजय निघाला. मी थोडा रेंगाळलो, म्हटलं ती दोन शब्द बोलेल. वयनीने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. माझ्या मागे तिने कुंपणाच्या बेड्याचं फाटक लावून घेतलं.