खुनी डावखुरा होता

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. माझी फजिती ऐकताना एकाच्या तरी धोतरावर तो सांडणार, आणि त्याचाही ठपका माझ्यावरच येणार. हल्ली रत्नागिरीत काहीही सांडलं की माझं नाव निघतं!

तुम्हाला ठाऊक आहे, मी बी.ए. होऊन पुण्याहून परत आलो तो समाज सुधारायला, नोकरी शोधायला नव्हे. वडील म्हणतात, दोन्हींतलं एकही जमलं नाही. असो. वडिलांचं आणि माझं कधी पटलंय?

मी हाती घेतलं होतं एकच काम. पेठेमागच्या मैदानाला लागून विहीर आहे ना, ती सगळ्यांना खुली करायची. नावाला सार्वजनिक! अस्पृश्य वस्तीतल्या बायका भर उन्हात कातळ तुडवत लांबच्या झऱ्यावर जातात, आणि जाताना याच विहिरीवरून जातात. रहाटाचा आवाज ऐकायला त्यांना परवानगी आहे, पाण्याला नाही.

पंचांचे म्होरके आबा. त्यांच्याकडे गेलो. सुपारी कातरत म्हणाले, "पेठेतल्या माणसांची सभा घे. त्यांनी हो म्हटलं तर माझी ना नाही."

"शब्द देता?"

"दिला. पण मेल्या, आधी माणसं जमव!"

आबा लोकांना ओळखून होते. मी नव्हतो. पहिल्या सभेला मी, सतरंजी आणि एक कुत्रा, एवढीच उपस्थिती. कुत्रा मधेच उठून गेला. दुसऱ्या सभेला तर त्यानंही तोंड दाखवलं नाही.

आणि नेमका त्याच सुमारास त्या मैदानात सिनेमाचा तंबू आला.

तंबूवाले शेटजी घाटावरचे. मिशा आणि आवाज, दोन्ही भरदार. सुरुवातीला त्यांनी दारूच्या दुष्परिणामांवरचा एक बोधपर चित्रपट लावला. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा माझ्याखेरीज एक दारुडा होता, तोही झोपायला आलेला. मग शेटजींनी तो गुंडाळला आणि खुनाचा लावला.

काय सांगू तुम्हाला ती गर्दी! मिरजोळ्याहून माणसं चालत आली. देवरुखाहून गाड्या जोडून आली. जयगडच्या खलाशांनी म्हणे होड्या तशाच किनाऱ्याला बांधल्या आणि मासळीला सुट्टी दिली. मुंबईला गिरणीत असलेले जे चाकरमानी सख्ख्या बहिणीच्या लग्नाला रजा मिळत नाही म्हणून आले नव्हते, ते या खुनाला बरोबर आले! एक श्रीमंत म्हातारा पहिल्याच रिळात मरतो, बंगल्यातल्या प्रत्येकावर संशय, पावसाळी अंधार, जिन्यावर सावल्या, दाराची मूठ हळूच फिरतेय... बायका पदर तोंडात धरून बसायच्या. एकदा पाहिलेले पुन्हा यायचे. अहो, खुनी कोण ते ठाऊक असूनही!

माझं रक्त उकळलं. जिवंत माणसाच्या तहानेसाठी यांना वेळ नाही, आणि कागदी दाढी लावलेल्या मेलेल्या म्हाताऱ्यासाठी रांगा?

तावातावानं शेटजींकडे गेलो. म्हटलं, "तुम्ही समाजाला विष पाजताय!"

शेटजी म्हणाले, "साहेब, आवाज खणखणीत आहे तुमचा. इंग्रजी वाचता येतं?"

"मी बी.ए. आहे!"

"मग देवानंच पाठवलं तुम्हाला. आमच्या वाचणाऱ्याचा घसा बसलाय."

आता तुम्हाला माहीतच आहे, ही चित्रं मुकी. मधूनमधून पडद्यावर अक्षरं येतात, ती मोठ्यानं मराठीत सांगायला एक माणूस पुढं उभा लागतो. त्याच्याशिवाय लोकांना खून दिसतो, पण तपास कळत नाही.

मी थुंकणारच होतो त्या नोकरीवर. तेवढ्यात डोक्यात वीज चमकली. म्हटलं, "वाचतो. पण एका अटीवर. शेवटचं रीळ लावण्याआधी, खुनी सापडणार त्या क्षणी, खेळ थांबवायचा आणि मला भाषण करू द्यायचं."

शेटजींनी मिशीवरून हात फिरवला. "कशावर?"

"समतेवर. विहिरीवर."

"लोक मारतील तुम्हाला."

"मारू देत. उठून तर जाणार नाहीत?"

आहे की नाही अक्कल? ज्या खुनानं माझ्या सभा ओस पाडल्या, त्याच खुनाच्या मानगुटीवर बसून मी सभा घेणार होतो.

आणि घेतल्या! खेळाआधी शेटजींचा गडी त्याच विहिरीचं पाणी बादल्या भरभरून पडद्यावर मारायचा. का मारतो, ते मी कधी विचारलं नाही. आगीची भीती असेल म्हटलं. पडद्याच्या पाठीमागं कुठंतरी विजेचं इंजिन धडधडत असायचं, तेही मी कधी पाहिलं नाही. माझं तोंड लोकांकडे होतं ना! तपास करणारा साहेब म्हाताऱ्याच्या जखमेकडे बघून ओठ हलवायचा, आणि मी गर्जायचो, "हा वार डाव्या हाताचा आहे! खुनी डावखुरा आहे!" मग सगळे एका टेबलाशी बसतात, जेवण येतं, आणि म्हाताऱ्याचा पुतण्या डाव्या हातानं सुरी उचलतो... आणि इथं खेळ थांबायचा. फक्त यंत्राचा झोत चालू. त्या झोतात मी उभा राहायचो, हात उंचावून.

"बंधुभगिनींनो! पाणी कोणाचं?"

पहिल्या दिवशी शिव्या पडल्या. दुसऱ्या दिवशी कमी पडल्या. मग लोक टाळ्या वाजवायला लागले. मला भरून आलं हो! मला वाटलं, रत्नागिरी जागी झाली. शेटजी एके दिवशी म्हणाले, "भाषण जरा लांबवा."

"तुम्हालाही पटलं?"

"भजी खपतात. तेवढ्यात दुसरा घाणा निघतो."

हे ऐकून तरी शहाणं व्हायचं की नाही माणसानं? छे! मी म्हटलं, भजी खाताना का होईना, ऐकतायत ना?

मग मी जाहीर केलं, रविवारी सकाळी विहिरीवर सभा. शेटजींनी गावातून गाडी फिरवून ढोल वाजवला: "खुन्याचा उलगडा करणारे बी.ए. साहेब, समक्ष!" मला ते आवडलं नाही. पण थांबवलंही नाही.

रविवारी विहिरीवर ही गर्दी! रहाटावर माणसं, कठड्यावर माणसं. आबा आले आणि हात जोडून म्हणाले, "जमवलीस की रे! शब्द दिलाय, पाळीन." आबांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. आणि लोकांचा रंगही बरा दिसत होता. परटीण म्हणाली, "पाणी काय, आटतं थोडंच? भरू देत."

वस्तीतली मंडळी बाजूला उभी होती. त्यांच्या वतीनं बोलायला मी शिवरामला बोलावलं होतं. शिवराम लढाईच्या काळात पलटणीत होता. उंच, ताठ, कोट जुना पण गुंड्या घासलेल्या. तो पुढं आला. एकदम शांतता झाली. पेठेच्या लोकांसमोर तो पहिल्यांदाच बोलत होता.

"भाऊंनी सांगितलं म्हणून बोलतो," शिवराम म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी तो खुनाचा खेळ पाहिलाय. आम्हीही पाहिला."

लोक खुलले. "शाब्बास! बोल, बोल!"

"त्या खेळात सगळी माणसं डावखुरी. डाव्या हातानं लिहिणारी, डाव्या हातानं जेवणारी. एकटा तो पुतण्या उजव्या हाताचा. सगळ्यांच्यात वेगळा पडला म्हणून त्याला धरला. आमचंही तसंच आहे. आम्ही काय केलं—"

थांबा. आता नीट ऐका. असं बोलायला मला बी.ए. होऊनही जमलं नव्हतं. लोक माना हलवणार होते. परटिणीनं तर हलवली होती. आणि मी काय केलं?

मी म्हटलं, "शिवराम, उजव्या नाही. डाव्या."

"काय, भाऊ?"

"पुतण्या डावखुरा. बाकीचे उजवे. सगळं त्यावरच तर आहे!"

"नाही भाऊ. पुतण्याच उजवा. मी रोज पाहिलाय."

"आणि मी रोज वाचलाय!"

लोक हसायला लागले. शिवराम मागं वळला. "काय रे, कुठला हात?" वस्तीतल्या सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं, "उजवा!"

त्यानं म्हटलं, "पलटणीत मी पोरांना डावा-उजवा शिकवलाय, भाऊ."

इथं गप्प बसलो असतो तर? पण माझी जीभ! रोज टाळ्या घेऊन सोकावलेली. माझ्या एवढ्या सुंदर खुनाचा शेवट हा माणूस उलटा सांगतोय, हे मला सोसेना. मी ओरडलो, "कसला शिकवलास? अख्ख्या वस्तीला डावा हात कुठला आणि उजवा कुठला एवढंही कळत नाही!"

हशा असा उठला की झाडावरचे कावळे उडाले.

आणि मग आबा उठले. सावकाश. आवाज परत भरदार. "ऐकलंत ना मंडळी? हे मी म्हणत नाही हो. यांचा कैवारी म्हणतोय. ज्यांना हात कुठला कळत नाही, ते पोहरा कुठल्या हातानं धरणार? विहिरीत पडलं कुणी तर जबाबदार कोण, बी.ए.?"

"आबा, तुम्ही विपर्यास—"

"मी तुझेच शब्द बोलतोय रे!"

लोक हसत हसत पांगले. एक जण जाताना विचारून गेला, "नवा खून कधी लागणार?" शिवरामनं कोटाच्या गुंड्या लावल्या आणि आपली माणसं घेऊन गेला. कातळावरून.

मी दिवसभर धुमसत होतो. स्वतःवर नव्हे हो, शिवरामवर! असल्या माणसांसाठी मी रक्त आटवायचं? वाचायला मी आता येणार नाही, असं शेटजींना कळवलं. ते म्हणाले, "हरकत नाही. जुन्याचा घसा सुटलाय."

सोमवारी दिवेलागणीच्या खेळाला मी तरीही गेलो. म्हटलं, शिवरामला हाताला धरून पडद्यासमोर उभा करतो आणि दाखवतो कुठला हात ते. तंबूत शोधलं. बाकांवर नाही. चटयांवर नाही. गड्याला विचारलं, "वस्तीतली माणसं कुठं बसतात?"

गड्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी सूर्य कुठं उगवतो तेच विचारलं होतं. "पाठीमागं."

"कशाच्या पाठीमागं?"

"पडद्याच्या! म्हणून तर पाणी मारतो आम्ही. ओल्या पडद्यातून पलीकडे चित्र उतरतं."

मी कनात उचलून मागं गेलो.

इंजिनाच्या धुरात, जमिनीवर, वस्तीतली माणसं बसली होती. ओला पडदा उजळला होता. अक्षरं आली, सगळी उलटी. माणसं आली, सगळी डावखुरी. सगळे डाव्या हातानं लिहीत होते, डाव्या हातानं जेवत होते. आणि पुतण्यानं सुरी उचलली. उजव्या हातानं.

शिवरामनं सरकून जागा केली. "बसा भाऊ. इथं जरा पाणी उडतं. त्याच विहिरीचं. अंगावर मिळतं, प्यायला तेवढं नाही."

मी बसलो. इतके दिवस समता समता म्हणून ओरडलो, त्या तंबूत समता कुठल्या बाजूला बसलीय हे पाहायला मान वळवली नव्हती. आणि ओरडलो ते तरी इथं कुणाला ऐकू येत होतं? इंजिनापुढं तोफ उडाली असती तरी कळलं नसतं!

तेवढ्यात खेळ थांबला. पडद्यावर एक भली मोठी काळी सावली आली, हात उंचावून. शेटजींनी भाषण चालूच ठेवलं होतं. भजी खपतात ना! तो जुना वाचणारा माझंच भाषण करत असावा. एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

शिवरामनं मला कोपरानं ढोसलं. "आला बघा!"

"कोण?"

"खरा खुनी. त्या पुतण्याला उगाच धरतात हो. रोज पाहतो मी. आता सगळं उलगडणार, एवढ्यात हा काळा माणूस येतो, हात नाचवतो आणि सगळं थांबवतो. आणि रोज सुटतो! फक्त आज जरा सौम्य दिसतोय. परवापर्यंतचा फारच नाचायचा."

मी घसा साफ केला. "शिवराम... परवापर्यंतचा तो मी होतो."

शिवरामनं माझ्याकडे पाहिलं. मग कनातीच्या फटीतून दिसणाऱ्या विहिरीकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे वळून म्हणाला,

"मग आम्ही बरोबर ओळखला होता, भाऊ."