चौदाव्या रांगेतला पंप

सदू मांडवकर कानावर जगत आला आहे. भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात तो एकवीस वर्षं स्टीलच्या भांड्यांची हायड्रॉलिक प्रेस चालवतो. सपाट पत्रा खाली ठेवायचा, वरून दट्ट्या उतरतो, पत्र्याचं पातेलं होतं. दट्ट्या उतरतो तेलाच्या दाबाने आणि दाब देतो पंप. पंप नीट असला तर त्याचा आवाज असून नसल्यासारखा. पंपाने हवा ओढली की तो खरखरतो, थांबून थांबून, कुणी करवत चालवावी तसा. मग दट्ट्या कुणाचं ऐकत नाही.

सहा वर्षांपूर्वी सदूने ती खरखर ऐकली होती. शेठ म्हणाला, "नॉर्मल है, चला ले." सदू गप्प राहिला. दुपारी दट्ट्या आपणहून खाली आला आणि जानूचा उजवा हात मनगटापाशी संपला. जानू सदूच्या गावचा, रत्नागिरीकडचा. सदूनेच त्याला गाळ्यात लावलं होतं. तो आता एका सोसायटीच्या गेटवर बसतो. सदू दिसला की डाव्या हाताने तंबाखू पुढे करतो.

तेव्हापासून गाळ्यात एक नियम आहे. ज्याला आवाज वेगळा वाटेल त्याने ओरडायचं, "हात!" सगळ्यांनी हात उचलायचे. ओरडणारा चुकला तरी त्याला हसायचं नाही. मशीनवरचा माणूस बघून सांगेपर्यंत कुणी पत्र्याला शिवायचं नाही. सांगायचं मशीनवरच्यानेच, शेठने नाही.

या फेब्रुवारीत सदू पहिल्यांदा विमानात बसला, बायकोला घेऊन. आशाच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. चेन्नईच्या एका ट्रस्टच्या इस्पितळाने पाच महिने थांबवून ऑपरेशनची तारीख दिली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी आठची. ती चुकली तर पुढची पावसाळ्यानंतर, आणि तेव्हाचं डॉक्टर काही बोलत नव्हते. गाडीचा एवढा लांबचा प्रवास तिला झेपणार नव्हता. गोडदेवच्या घरातून निघताना मुलीने, संजनाने, बजावलं, "बाबा, प्लेनमध्ये मशीन खराब आहे वगैरे काही बोलू नका हां. सरळ उतरवतात. आईची तारीख जाईल."

चौदावी रांग, पंखाजवळ. आशा खिडकीशी, सदू मधे, कडेला मोबाईल बघणारा एक गृहस्थ. दरवाजे बंद झाले. विमान मागे ढकललं जाऊ लागलं. दिवे क्षणभर गेले आणि आले. मग पायाखाली खरखर सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली.

"हात!" सदू ओरडला.

आशाने दोन्ही हात वर घेतले. आजार वाढेपर्यंत तीही त्याच गाळ्यात भांडी पुसून पुठ्ठ्यात भरायची. बाकी कुणी हाललं नाही. पुढच्या रांगांतून चार-पाच माना तेवढ्या वळल्या.

"क्या हुआ चाचा, पहली बार?" कडेच्या गृहस्थाने विचारलं.

"नीचे आवाज आता है."

"अरे, वो रोज का है. पायलट ने कुत्ता पाला है नीचे. नॉर्मल है."

तो स्वतःच हसला आणि पुन्हा मोबाईलमध्ये गेला.

"तोच आवाज?" आशाने हळूच विचारलं.

"तोच. पंप हवा ओढतोय."

"मग बोला."

"उतरवतील. संजना काय म्हणाली ऐकलंस ना?"

"ऐकलं." ती थांबली. एवढं बोलायलाही तिला थांबावं लागे. "जानूच्या वेळी शेठच्या ऑर्डरीपायी गप्प बसलात. आता माझ्या ऑपरेशनपायी बसू नका. मला नाही चालणार."

खरखर चालूच होती. सदूने डोक्यावरचं बटण दाबलं.

एअर होस्टेस सीटच्या पाठींना हात लावत आली. छातीवर दिव्या असं नाव. "काय हवंय सर? आता निघतोय आपण."

"ताई, खाली हायड्रॉलिकचा पंप आहे. तो हवा ओढतोय."

"तो आवाज नॉर्मल आहे, सर."

"तुम्ही मशीनवर नाही ना. जो मशीनवर आहे त्याला विचारा. तो बोलला की मी गप्प."

"मॅडम, लेट हो जाएगा इनके चक्कर में," कडेचा गृहस्थ म्हणाला.

दिव्याने सदूकडे पाहिलं, मग आशाच्या मांडीवरच्या एक्स-रेच्या पाकिटाकडे, मग अजून अधांतरी असलेल्या तिच्या हातांकडे. ती पुढे गेली आणि भिंतीवरचा फोन उचलून पाठमोरी बोलू लागली. ती आवाजाबद्दल बोलत असेल. चौदाव्या रांगेतल्या माणसाला उतरवा, असंही बोलत असेल. पाठीवरून काही कळत नव्हतं. खिडकीबाहेर सिमेंट हळूहळू सरकत होतं. एकदा विमान थांबलं. सदूला वाटलं, आता दार उघडतील.

ती परत आली. "कॅप्टन म्हणाले, तुम्ही बरोबर ओळखलंत, हायड्रॉलिकच आहे. पण हवा नाही ओढत. एक इंजिन सुरू आहे, दुसरं होतंय. चालू बाजूचा दाब दुसऱ्या बाजूला देणारा पंप आहे, तो असाच अडखळत चालतो. दुसरं लागलं की थांबेल. त्यांच्यासमोर सगळे दाब दिसतायत, ठीक आहेत."

"त्यांनी स्वतः बघितले?"

"स्वतः. आणि वर गेल्यावर चाकं आत जाताना धाडकन वाजेल. तेव्हा बटण दाबू नका, मलाही जागेवरून उठता येत नाही."

आणखी चार वेळा खरखर झाली आणि बंद पडली. आशाने हात खाली ठेवले.

विमान धावलं, उठलं. धाडकन वाजलं. तेवढं सांगितलेलं होतं. पण नंतर, विमानाचं तोंड अजून वर असताना, इंजिनाचा आवाज एकाएकी उतरला. सीट खालून सुटल्यासारखी झाली. हे कुणी सांगितलं नव्हतं. कडेच्या गृहस्थानेही मोबाईल खाली केला आणि सदूच्या तोंडाकडे पाहिलं. आशाही पाहत होती.

सदूने डोळे मिटले. उतरलेल्या आवाजाच्या खाली एक सलग, जाड आवाज होता. तो कुठे तुटत नव्हता. सदू बराच वेळ त्याच्या मागोमाग गेला.

"कमी केलंय त्याने," तो म्हणाला. "मुद्दाम. पत्रा बसला की आपण दाब सोडतो तसं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

गृहस्थ पुन्हा मोबाईलमध्ये गेला. इंजिन उतरल्यामुळे आता सदूला आशाचा श्वास ऐकू येत होता. आखूड, आणि दर तिसऱ्या-चौथ्याला अर्ध्यावर सुटणारा. हा आवाज त्याला दोन वर्षं ठाऊक होता, आणि त्याबद्दल फोन करून विचारावं असं पुढे कुणी बसलेलं नव्हतं. चेन्नईला अजून दीड तास होता. तो तिच्या बाजूला कलला आणि ऐकत राहिला.