आत्या वाकली नाही

फोन दादाचा होता. ‘आत्या गेली,’ एवढंच म्हणाला. रत्नागिरीहून संगमेश्वरजवळच्या आमच्या वाडीत पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि जो तो एकच म्हणत होता, देवमाणूस होती. मला राग आला. दीड महिना झाला, तरी तो उतरलेला नाही. शाळेत मुलांना शिकवण्यात हयात घालवलेल्या, लग्न न करता भावाच्या घरात ताठ मानेने राहिलेल्या माझ्या आत्याला जे कधी चाललं नसतं, तेच तुम्ही तिच्या डोक्यावर ठेवलंत...

कारण साधं होतं. धर्मांतराच्या वेळी आजोबांनी घरातले देवांचे टाक टोपलीत भरले आणि नदीत सोडले. टोपलीची दुसरी कड नऊ वर्षांच्या आत्याने धरली होती. आता तुमच्या घरात रोगराई शिरणार, असं गाव म्हणालं. शिरली ती पाटी-पेन्सिल, असं आत्या हसत सांगायची.

निवृत्तीनंतर बुद्धाची जुनी ठिकाणं बघायचं तिच्या मनाने घेतलं. कोकणातली लेणी झाली, मग पंचाहत्तराव्या वर्षी म्हणाली, लेहला जाऊ, तिथल्या डोंगरावरचे जुने विहार बघायचेत. दादाने तिला तिच्या गुडघ्यांची आठवण करून दिली. तिने त्याला सातवीतल्या गणिताच्या मार्कांची आठवण करून दिली. आम्ही दोघी गेलो.

विरळ हवेची सवय व्हायला दोन दिवस खोलीत पडून काढल्यावर ती चढाला लागली. दर दहा पायऱ्यांवर बसायची. परत फिरूया म्हटलं की पाण्याची बाटली माझ्या हातात द्यायची आणि उठायची. वर अंधाऱ्या दालनात लोण्याचे दिवे होते आणि उंच बुद्धमूर्ती. आत्याने कपाळ जमिनीला टेकून वंदन केलं, त्रिशरण म्हटलं. शेजारच्या खोलीत मात्र चेहऱ्यावर कापड टाकलेली, अनेक हातांची मूर्ती होती. सगळे वाकत होते, म्हणून मीही वाकायला गेले. आत्याने माझा दंड धरला.

‘सरळ उभी ऱ्हा गो. माझ्या बापाने जे नदीत सोडलान, त्याला इतक्या लांब येऊन मी हात नाय जोडायची.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या लामांनी हिंदीत विचारलं, आपण कुठल्या धर्माच्या? तुमच्याच, आत्या म्हणाली. ते गोंधळले. मग तिनेच विचारलं, याला एवढे हात कशाला? जगात दुःखी माणसं फार, दोन हात पुरत नाहीत, असं ते म्हणाले. आत्याने जरा विचार केला आणि आपल्या मोडक्या हिंदीत सुचवलं, मग त्याला आमच्या वाडीत पाठवा, कामं पुष्कळ पडली आहेत. लामा खो खो हसले आणि तिला खारट चहा दिला. तोंड वाकडं न करता ती तो प्यायली.

आत्या गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. आमच्या माजघरात भिंतीत एक कोनाडा आहे. टाक असायचे ते तिथेच. आजोबांनी तो मोकळा केला आणि आत्याने पुढे कधी त्यात काही ठेवू दिलं नाही, बुद्धाची मूर्तीसुद्धा नाही. ती पुढच्या खोलीत. काय काढलं ते पोरांना दिसू दे, म्हणायची. त्या दिवशी नातेवाइकांनी कौतुकाने त्यात आत्याचाच फोटो ठेवला होता, हार घालून, उदबत्ती लावून. बायका एकेक करून डोकं टेकत होत्या. दादाने मला पुढे हो म्हणून खुणावलं.

मी पुढे झाले आणि हारासकट फोटो उचलला. एक काकी म्हणाल्या, निदान आजच्या दिवशी तरी...

‘आजच,’ मी म्हटलं.

फोटो मी पुढच्या खोलीत तिच्या वर्गाच्या फोटोंशेजारी टांगला. परत माजघरात आले. दादा ओलं फडकं घेऊन कोनाड्यातली राख पुसत होता.