कवळी हिरवी पडली तेव्हा

गल्लीच्या टोकाला एक दुमजली घर आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत घरातली थोरली सून दात करते. म्हणजे दुसऱ्यांचे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, ती त्यावर मेण चढवते, दात बसवते, घासूनपुसून चकचकीत करते. गल्लीतली निम्मी वडीलधारी मंडळी तिच्या कृपेने चावतात आणि उरलेली निम्मी तिच्या कृपेने हसतात. कोण कुणाच्या दातांनी हसतंय हे तिला पक्कं ठाऊक. पण ते गुपित तिच्या ओठांबाहेर कधी आलं नाही. बाकीची सगळी आली.

तिची खरी करामत मात्र हातात नाही, डोळ्यांत आहे. रंगाच्या बाबतीत तिला फसवणं अशक्य. खिडकीशी उभी राहून ती नमुन्याच्या दातांची पट्टी अशी काही फिरवते, की उरलेल्या चार खऱ्या दातांशेजारी बसवलेला पाचवा कोणता, ते खुद्द तोंडाच्या मालकाला सांगता येत नाही. एकदा एक म्हातारे गृहस्थ हट्टाला पेटले, की मला न्हाणीघराच्या फरशीसारखे पांढरेशुभ्र दात पाहिजेत. थोरली म्हणाली, "काका, चेहरा सत्तरचा आणि दात सतराचे. लोक हसतील, आणि तेसुद्धा स्वतःच्या दातांनी." काका मुकाट्याने पिवळसर घेऊन गेले आणि नंतर त्याच दातांनी वर्षभर तिचं कौतुक करत फिरले. लग्नाच्या मांडवात तिसऱ्या रांगेतून तिने ओळखलं होतं, की नवऱ्या मुलाच्या मिशा रंगवलेल्या आहेत. आणि ओळखून गप्प बसली असती तर ती थोरली कसली?

अशा बाईच्या घरी ते माशा खाणारं झाड आलं, हा योगच म्हणायचा. एका डॉक्टरीणबाईंनी थट्टेने दिलं: "घ्या, तुमच्याच धंद्यातलं आहे." व्हीनस फ्लायट्रॅप हे त्याचं खरं नाव, पण उघडा जबडा, काठाला दातांची रांग आणि आत लालभडक हिरडी, एवढं पाहिल्यावर घरात दुसरं नाव टिकणंच शक्य नव्हतं. सगळे त्याला कवळी म्हणायला लागले. "कवळीने आज माशी खाल्ली," असं थोरलीचा नवरा जिन्यातून ओरडला, की नवख्या पाहुण्यांचा घास घशातच अडकायचा.

थोरलीचा त्या झाडावर फार जीव. विशेषतः त्या लालवर. सवयीप्रमाणे तिने कवळीच्या हिरडीचा रंगसुद्धा जुळवून ठेवला होता. कवळ्यांच्या गुलाबी प्लास्टिकमध्ये लाल मिसळून मिसळून बनवलेला एक नखाएवढा तुकडा तिच्या टेबलाच्या खणात असायचा. कशासाठी? उगीच. काही बायका कापडाचे तुकडे जपतात, हिने हिरडीचा जपला.

खालच्या मजल्यावर धाकटी राहते. दोन भावांच्या दोन बायका. धाकटी घरीच पडदे शिवते. दोघींची कामं संपली, की जिन्याच्या मधल्या पायरीवर बैठक बसायची, कारण वर गेलं तर ते थोरलीचं घर आणि खाली गेलं तर धाकटीचं. मध्ये कुणीच कुणाची पाहुणी नाही. तिथे चहाबरोबर सगळ्या गल्लीची साल काढली जायची. दोघींचे नवरे एकमेकांशी मात्र मितभाषी. भावाला काही सांगायचं असलं तरी बायकोमार्फत सांगायचे. घर चालायचं ते त्या पायरीवरून.

त्या उन्हाळ्यात थोरली लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाताना कवळी धाकटीच्या हवाली केली. "नळाचं पाणी घालू नकोस, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी बाटलीत ठेवलंय, तेच बशीत ओत. आणि ऊन लागू दे तिला."

"ताई, मी दोन पोरं मोठी केली. एक झाड सांभाळता येणार नाही का?"

"पोरं आपली आपण मोठी होतात. झाडाचं तसं नसतं."

ऊन लागू दे म्हणणं सोपं होतं. त्या वर्षी ऊन असं काही पेटलं, की गच्चीवर वाळत टाकलेले कपडे काढायला फडकं धरून जावं लागे. कवळीच्या पानांच्या कडा काळवंडल्या. धाकटीचा जीव कळवळला. तिने कुंडी उचलली आणि घरात, स्वतः शिवलेल्या जाड पडद्याआड, गार कोपऱ्यात ठेवली. पाण्यात खंड नाही, धुळीचा कण नाही. येता जाता ती कवळीशी बोलायचीदेखील. जुनी पानं वाळली, ती तिने कात्रीने हलकेच काढली. नवी आली, टवटवीत, हिरवीगार. धाकटीला कोण अभिमान!

थोरली परत आली. नातवाचे फोटो दाखवून व्हायच्या आधीच म्हणाली, "कवळी आण."

धाकटीने आणली. थोरलीने एक नजर टाकली, वर गेली, खणातून तो तुकडा घेऊन आली आणि झाडाच्या उघड्या जबड्याशी धरला. इकडे लाल, तिकडे पोपटी. तिने तोंडाचं माप चुकलेल्या डॉक्टरकडे बघावं तसं जावेकडे बघितलं.

"ही माझी कवळी नव्हे."

"म्हणजे?"

"माझी मेली. तू दुसरी आणून ठेवलीस."

"ताई, काहीतरीच काय! हीच ती."

"कपासारखीच का?"

हे कपाचं प्रकरण असं. फार वर्षांपूर्वी, नवी लग्न होऊन आली तेव्हा धाकटीच्या हातून सासूबाईंच्या आवडत्या संचातला एक कप फुटला. तिने गुपचूप तसाच दुसरा आणून मांडला. थोरलीने त्याच दिवशी ओळखलं, नव्या कपाचा निळा किंचित उजळ होता, पण नव्या नवरीची शोभा नको म्हणून गप्प राहिली. इतकी वर्षं गिळलेली गोष्ट, आणि ओकायची वेळ कोणती निवडली!

धाकटीचा चेहरा उतरला. "कप मी बदलला होता. हे नाही बदललं." एवढंच म्हणाली आणि कुंडी तिथेच ठेवून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती थोरलीला ताई म्हणेना. "जाऊबाई, तुमचा गॅसवाला आलाय," इतकंच. पायरी ओस पडली. दोन्ही भावांची तर वाचाच गेली. एकमेकांना सांगायचं असेल ते आता ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोठ्याने बोलायला लागले.

थोरलीनेही काही कमी केलं नाही. वाण्याच्या दुकानात, इस्त्रीवाल्याकडे, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, जिथे उभी राहिली तिथे तिने ही कथा मीठमसाला लावून सांगितली. ऐकणाऱ्यांनी च्च च्च केलं. धाकटी पडदे घेऊन दुकानावरून गेली, की वाणी म्हणायचा, "काय वहिनी, झाडं कशी आहेत?" आणि गालात हसायचा. गरीब स्वभावाची बाई, रस्ता बदलून जायला लागली.

इकडे थोरलीने ती "तोतया" कवळी इरेला पेटून थेट गच्चीत, भर दुपारच्या उन्हात नेऊन ठेवली. सावलीत वाढलेली कोवळी पानं ती. दोन दिवसांत करपली. मग तिलाच दया आली. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी जाळीची सावली पडेल अशा जागी कुंडी हलवली. नवी पानं आली, तीही फिकट, पिवळट हिरवी. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "जातच वेगळी आहे. माझी असती तर एवढ्या उन्हात लाल नसती झाली?" नवरा घड्याळाकडे बघून म्हणाला, "असेल."

मग वळवाचे पाऊस पडून गेले आणि हवेतला ताव ओसरला. दिवसा ऊन तेवढंच लख्ख, पण रात्री अंगावर चादर घ्यावीशी वाटायला लागली. एका सकाळी बशीत पाणी ओतताना थोरली थबकली. एका नव्या जबड्याच्या आत, बिजागरीजवळ, लाजल्यासारखी लाली. तिला वाटलं डोळ्यांत काही गेलं असेल. चार दिवसांनी तो जबडा अर्धा लाल होता, त्याच्या शेजारचा त्याहून जास्त.

तरी ती बाई सहजी हार मानणारी नव्हती. खाली वाकून नीट पाहिलं. एका लाल जबड्यावर दुसरं पान आडवं आलेलं होतं. तिने ते बोटाने बाजूला केलं, तर खाली लालमध्ये त्याच पानाच्या आकाराचा हिरवा पट्टा! काठाच्या दातांच्या सावल्यासुद्धा बारीक रेघांनी उमटलेल्या. ऊन पडलं तिथे रंग चढला, सावली पडली तिथे नाही. तिने स्वतःचं मनगट पाहिलं. घड्याळाखालची कातडी गोरी, बाकीची बाळंतपणाच्या धावपळीत रापलेली. मनगट मात्र एकाच बाईचं.

म्हणजे पडद्याआड ठेवली म्हणून हिरवी झाली, आणि नंतर ऊन दिलं तरी उन्हाळ्याच्या काहिलीत लाली धरेना. झाड तेच. थोरली गच्चीच्या कठड्याला टेकून बसली. तोंड उघडं राहून दात सुकला की तो आहे त्याहून पांढरा दिसतो, म्हणून तो सुकायच्या आधीच रंग जुळवायचा, हे तिच्या धंद्याचं पहिलं पथ्य. दाताला एवढी सूट देणारी ती, तिने जावेला मात्र कणभर दिली नव्हती.

आता खरं सांगायचं तर कुणालाही कळलं नसतं. कुंडी गच्चीतच ठेवली असती तर कोण बघायला येणार होतं? दोन दिवस तिने तो विचार केलाही. नवरा वर यायला लागला की ती कुंडीवर टॉवेल वाळत घालायची. तिसऱ्या दिवशी मात्र तिने चांगली साडी नेसली, कुंडी काखेत मारली आणि बाहेर पडली.

आधी वाणी. "हे बघा, लाल झालंय. झाड तेच होतं. मी खोटं बोलले." वाणी म्हणाला, "जाऊ द्या हो वहिनी." "जाऊ कसं देऊ? तेव्हा चवीने ऐकलंत ना? मग आताही ऐका. आणि परत तिला हसलात तर तुमची पुढची कवळी मी सैल करीन." शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी चमकून वाण्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिचं जन्माचं व्रत त्या दिवशी मोडलं ते असं. मग इस्त्रीवाला. मग दवाखाना, तिथे तर रांगेतल्या अनोळखी लोकांनाही ऐकावं लागलं. सांगायला जितकी हिंडली होती, तितकीच पुसायला हिंडली. बोललेलं मागे घ्यायला लोक फोन करतात, चिठ्ठी पाठवतात, नाहीतर विसरल्याचं सोंग करतात. कुंडी घेऊन दारोदार जाणारी ही एकच.

शेवटी धाकटीचं दार. धाकटी मशीनवर होती. तिच्या कानावर सगळं आधीच आलेलं होतं. वाईट बातमी आली होती त्याच रस्त्याने, तेवढ्याच वेगाने.

"लाल झाली," थोरली दारातूनच म्हणाली. "तू बदलली नव्हतीस."

"हे मला माहीत होतं, जाऊबाई." धाकटीने मशीन थांबवलं नाही. कापडाचा काठ पूर्ण शिवला, दोरा तोडला, मग वर पाहिलं. "एक विचारू? ही लाल झालीच नसती तर?"

थोरलीच्या जिभेवर दहा गोड उत्तरं आली असतील. तिने त्यातलं एकही दिलं नाही.

"तर मी अजून तुला खोटारडीच म्हणत असते," ती म्हणाली.

धाकटीने शिवलेल्या कापडाची घडी घालून ती बाजूला ठेवली.

"बरं झालं खरं बोललात," धाकटी म्हणाली. "'छे गं, मनातून मला खात्री होती' असं काही म्हणाला असतात, तर दार लावून घेतलं असतं. आत या. उभ्या राहू नका दारात वसुलीवाल्यासारख्या."

थोरली आत येऊन टेकली. धाकटीने कुंडी हातात घेतली, निरखून पाहिली. "पण ताई, मला ती हिरवीच आवडायची. पुढच्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे. आणि मी तिला पडद्याआडच ठेवणार."

"अगं, परत रंग जाईल तिचा! आणि फार दिवस अंधारात राहिली तर अशक्त होते ती."

"बरं, पडदा निम्मा सारीन. बाकी माझ्या मर्जीने."

रंगाचा एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर अख्खी कवळी मोडून पुन्हा करणारी बाई. तिचा जीव किती वरखाली झाला असेल! पण ती म्हणाली, "बरं."

आणि तसंच झालं. पुढच्या उन्हाळ्यात कवळी धाकटीच्या खिडकीत होती, निम्म्या पडद्याआड, पोपटी हिरवी. आलागेला विचारायचा, "हे काय, लाल होतं ना हे?" धाकटी काही बोलायच्या आत थोरलीच उत्तर द्यायची, "आमच्याकडे उन्हाळ्यात ते हिरवंच असतं. चांगलं दिसतं की!" आणि विचारणाऱ्याच्या तोंडाकडे अशी काही बघायची, की तो पटकन ओठ मिटून घ्यायचा.